बोटभर पेज

पाच महिने आणि चोवीस दिवस.
हा हिशोब कॅलेंडरवर नाही,
काजू कारखान्याच्या हजेरीवहीत आहे:
माझी रजा संपली त्या तारखेखाली
मुकादमाने ओढलेली लाल रेघ,
तिथून पुढे माझे दिवस, आणि तिचेही.

सासू म्हणते, ‘चेडवाक पाचव्यात, झिलाक सव्यात.
पाचवो तर गेलोच. घाल गो पेज.
आमची पोरां काय पुस्तकां वाचून वाडली?’

अंगणवाडीत केरकर मॅडम काटा टांगतात.
झोळीत ती बेडकासारखे पाय गोळा करून लोंबते,
साडेसहा किलोच्या अलीकडे-पलीकडे सुई थरथरते.
‘सहा पुरे होऊ देत. वरचं पाणीसुद्धा नको.’
कार्डावरची टिंबं हिरव्या पट्ट्यातच आहेत अजून,
शेवटचं जरासं खाली कललेलं.
रात्री उभादांड्याच्या वाऱ्यात दिवा विझवण्याआधी
त्या टिंबावर मी बोट ठेवून पाहते,
जणू दाबलं तर वर सरकेल.

शेजारच्या यंत्रावर रुजाय.
तिच्या पायाखाली दट्ट्या, दट्ट्याखाली बी,
फट् आवाज, की गर एकीकडे, टरफल एकीकडे.
‘माज्या इनासाक चवथ्यात बिस्कीट दिलंय बुडवन,
आठ दिस आसपतालात.
धाकटीक सातव्यापर्यंत कायच नाय.
ती बग आता, मुसळ!’
ती हसते, मीही हसते,
यातून घ्यायचं काय ते दोघींना कळत नाही.

अकराला ब्लाउज भिजतो.
भोंग्याच्या आधी, रोज.
घरी वाटीत काढून ठेवलेलं असतं,
सासू चमच्याने पाजते. चमच्यात आणखी काय,
ते मी विचारलेलं नाही.
एकदा संध्याकाळी तिच्या हनुवटीच्या वळीत
सुकलेलं एक शीत सापडलं,
उकड्या तांदळाचं, तांबूस.
नखाने काढलं
आणि गुपचूप खाऊन टाकलं.

हल्ली मी जेवायला बसले की
ती माझा हात बघते.
ताटापासून तोंडापर्यंत, तोंडापासून ताटापर्यंत,
खाडीवरची होडी बघावी तशी.
माझ्याबरोबर तिचंही तोंड उघडतं,
मिटतं, रिकामंच.

उष्टावणाला मामा हवा.
सुदन कळंगुटला हॉटेलात.
‘सीझन सरूदे गो, मग चार दिस काढून येतंय.’
सीझनला दात येत नाहीत,
हे त्याला फोनवर कसं सांगायचं?

माझे हात काळे आहेत.
काजूचा चीक राखेने जात नाही, खोबरेलाने जात नाही,
कातडी सोलते तेव्हा जातो,
आणि सोमवारी परत येतो.
या बोटाने तिच्या जिभेला शिवायचं?
म्हणून तीन दिवसांपासून
डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला
मी चिंधी गुंडाळून बसते.
रुजाय विचारते, ‘लागला काय गो?’
‘नाय. राखून ठेवलंय.’
बोलून गेले, आणि मग लक्षात आलं
की माझं ठरलंच होतं,
फक्त दिवस सांगितला नव्हता कुणी.

बुधवारी वीज गेली, कारखाना बंद.
सासू लग्नाला तुळशीला गेलेली.
पेज कढवली. वरची निवळ घेतली, मीठ नाही.
चिंधी सोडली. आतलं बोट
पाण्यात राहिल्यासारखं पांढरं, सुरकुतलेलं,
माझं वाटेना.
बोट बुडवलं, तिच्या ओठांवर टेकवलं.

तिने चव घेतली.
भुवया वर गेल्या, कोणी पत्ता विचारावा तशा.
मग जीभ आली पुढे आणि
सगळं बाहेर, हनुवटीवर, माझ्या मनगटावर.
पुन्हा टेकवलं. पुन्हा बाहेर.
रागाने नाही,
दार नुसतं लोटून घ्यावं तसं.

मला इतकं हलकं वाटलं
की तिचं तोंड पुसताना मी गुणगुणत होते.

मॅडमना सांगणार नाही. सासूलाही नाही.
सुदनला लिहिलं: पुढच्या रविवारी ये,
नाहीतर शेजारच्या बाबुशीला मामा करते.

उरलेली पेज मीच प्याले,
भाजलेल्या सुक्या बांगड्याच्या तुकड्याबरोबर.
ती माझ्या तोंडाकडे बघत होती.
गुरुवारी, आठच्या आधी,
बोटाला परत चिंधी गुंडाळली.